डोमा, टोपी पांढरी निघाली

डोमा, जिंकलो रे!

परवा भर दुपारी, आर्वीत, देवराव पाटलांच्या ओट्यासमोर, माणसांच्या गराड्यात जिंकलो. तू असतास तर बिडी कानामागे खोचून म्हणाला असतास, "अबे किसन्या, एवढा काऊन नाचून राह्यला? गाडीच तर विकली." गाड्या विकणं हा माझा धंदा आहे, त्याचं मला काय कौतुक? परवा मी टोपी घातली, डोमा. त्याचा अर्थ तुला ठाऊक आहे. बाकीच्यांना सांगावा लागेल, म्हणून पहिल्यापासून लिहितो. तू मध्ये बोलू नकोस. जन्मभर मध्येच बोललास.

आपली गाठ पडली तेव्हा मी कापसाच्या बाजारात हमाली करून, मग बैलांची दलाली करून, नुकताच जुन्या मोटारींवर आलो होतो. मला मोटार चालवता येण्याआधी विकता येत होती. तू बैलगाड्या आणि माणसं बसायच्या हलक्या दमण्या रंगवायचास. स्टेशनाकडच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली तुझं टिनाचं शेड. माझी पहिली मोटार मी तुझ्याकडे रंगाचा हात फिरवायला आणली. वरून मी ती अशी घासली होती की तिच्यात पाहून मिशी कातरावी. तू वरून पाहिलंसुद्धा नाहीस. सरळ दार उघडलंस, वाकलास, आणि दार मिटल्यावर जी चौकट झाकली जाते तिच्या खाचेतून बोट फिरवलंस. बोट काळं निघालं.

"आंघोळ केली म्हणते तुही गाडी, अन् काख तर धुतलीच नाई."

"गिऱ्हाईक काख पाह्यते का?" मी भडकलो.

"गिऱ्हाईक दार तर उघडते ना? बसायच्या आधी पहिलं तेच दिसते त्याले. तू बैलाचा दलाल ना बे? बैलाचं तोंड न उघडता बैल घेशील का?"

मी उत्तराऐवजी मजुरी पाडून मागितली, तू शिव्या दिल्यास, आणि आपली जोडी जमली.

त्या खाचेचं काम तू देवघर पुसावं तसं करायचास, फरक एवढाच की देवघरात कुणी इतक्या शिव्या देत नाही. आधी सगळं कोरडं. आपली काळी माती ओली असली की लोणी आणि वाळली की कानस. धुळीवर ओलं फडकं फिरवलं की रंगावर ओरखडे उठलेच. म्हणून झिजलेला कुंचला घेऊन तू वरून खाली झाडत यायचास. मग रिठ्याच्या पाण्यातलं फडकं, तेही असं पिळलेलं की त्यातून थेंब निघू नये. सोडा नाही, कारण सोडा रंग खातो. रबराच्या पट्टीला रॉकेल नाही, कारण रबर फुगतं. दाराच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती तू खराट्याच्या काडीनं मोकळी करायचास. एकदा मी तार पुढे केली तर तू ती रस्त्यावर फेकलीस. "तार लागली का रंग गेला, रंग गेला का गंज आला. तुह्या नाकात घालू का?" बिजागरीला मशीनच्या तेलाचा एक थेंब. आणि उघडं दार नेहमी दोरीनं खांबाला बांधलेलं. सुरुवातीच्या दिवसांत वाऱ्यानं आपटलेल्या दारात तुझा उजवा अंगठा सापडला होता. त्याचं नख पुढे कायमचं दुभंगलेलंच उगवलं. त्या नखाकडे बोट दाखवून तू दोरीचं महत्त्व सांगायचास, जणू काही पदक मिळालं आहे.

एवढं सगळं शहाण्यासारखं करून तू शेवटी त्यावर माती घालायचास. माती म्हणजे जवसाचं तेल. गंज धरू नये म्हणून सगळ्या खाचेला तू जवसाचं तेल चोपडायचास. गाडीच्या लाकडी चाकांना लावायचास ते मोटारीलाही. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, डोमा, हा कापसाचा मुलूख आहे. दिवाळीनंतर इथल्या हवेत माणसापेक्षा रुई जास्त फिरते. तेलावर रुई बसली की दाबलेल्या लोकरीसारखा नमदा होतो. तू म्हणायचास, तू भाव कर, मले काम शिकवू नको. आणि माझ्यावर उलटायचास की मी बादलीनं पाणी मारतो, म्हणून घाण आत जाते. मी पाणी मारत होतो, नाही असं नाही. वरची धूळ पाण्यानं बसते. पण तो विषय वेगळा आहे.

आता तो दिवस.

देवराव पाटलांना पहिल्यांदा गाडी दाखवायला आपण दोघं आर्वीला गेलो होतो. रस्त्यात कापसाच्या जिनिंगच्या आवारात मला एकाला भेटायचं होतं, गाडी तिथं थोडा वेळ उभी होती. पाटलांच्या घराआधी विहिरीवर थांबून मी गाडीवर पाणी मारलं. पाटील ओट्यावरून उतरले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "वरून तर ठीक हाये. अंदरून कशी हाये?"

मी तोंड उघडायच्या आत तू पुढे झालास. स्वतःच्या कामाची तुला केवढी घमेंड! "अंदरून? पांढऱ्या टोपीनं पुसून पाहा ना!" असं म्हणालास, आणि तुझ्या डोक्यावर तेलकट फडकं होतं म्हणून हात लांबवून माझ्या डोक्यावरची टोपी उचललीस. माझी. नवी, खादीची, त्याच दिवसासाठी घेतलेली. आर्वीच्या चार माणसांदेखत माझं डोकं उघडं केलंस आणि ती टोपी दाराच्या खाचेतून वरून खाली घासलीस.

टोपी काळी निघाली. नुसती काळी नाही, तिला रुईचा तेलकट बोळा चिकटून आला, मेलेल्या उंदरासारखा.

आणि तू काय बोललास? तू म्हणालास, "मी याले सांगतलं होतं, पाणी मारू नको म्हणून!"

तेल तुझं, हात तुझा, बढाई तुझी, आणि टोपी माझी, नावही माझंच. पाटील हसून आत गेले. ओट्यावर कुणीतरी म्हणालं, "टोपी घालणाऱ्याचीच टोपी गेली." पुढे कित्येक दिवस आर्वीच्या बाजारात मला पाहिलं की लोक एकमेकांना सांगायचे, किसनरावची गाडी घेशील तर दार उघडून पाह्यजो. सौदा गेला याचं मला काही नाही. सौदे जातात. पण बापाच्या तेरवीला पागोटं बांधलेल्या डोक्यावर हात घालायचा नसतो, डोमा, आणि घातला तर निदान खोटं बोलायचं नसतं. परत येताना मी तुला म्हणालो, "तेलाची चूक तू कबूल करत नाहीस तोवर मी डोक्यावर टोपी ठेवणार नाही." तू खिडकीबाहेर पाहत म्हणालास, "नको ठेवू. डोकं थंडं राहीन."

या वर्ध्यात, जिथं शाळामास्तरापासून भाजीवाल्यापर्यंत सगळी डोकी पांढरी, तिथं मी उघड्या डोक्यानं फिरलो. लग्नात, मयतीत, कचेरीत. लोक विचारायचे, कुणी गेलं का हो? मी म्हणायचो, लाज गेली एकाची. मधल्या काळात आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. तुझी कबुली काही आली नाही.

तरी गाड्या मी तुझ्याकडेच आणत राहिलो. का, ते मला विचारू नकोस. वर्ध्यात दुसरे रंगारी नव्हते असं नाही.

एका दुपारी मी शेडमध्ये आलो तर कोपऱ्यातून धूर. तुझ्या जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा गोळा, कुणीही काडी न लावता, आतल्या आत धुमसत होता. मी चिमट्यानं उचलून तो बाहेर फेकला. बाहेर पडताच भडकला. तू आधी बिडी टाकणारा शोधायला निघालास. मी म्हणालो, "बिडी नाई, तेल हाये. तेलाची चिंधी गोळा करून ठेवली का आपोआप तापते. गोदामात पाह्यलं हाय म्या. एकेक पसरून वाळत घालत जा, नाहीतर एक दिवस शेडसकट जाशील."

"तू मले शिकवू राह्यला का?"

"हो, शिकवू राह्यलो!"

"मग घाल टोपी अन् हो मास्तर!"

मी त्या दिवशी तुझ्या अंगावर धावून गेलो. सारजावहिनी तुझ्या घरातून धावत येऊन मध्ये पडल्या. त्यांनी दोघांनाही ताक दिलं. आपण एकमेकांकडे पाठ करून प्यायलो.

हेच आपलं शेवटचं मोठं भांडण, आणि ते अर्धंच राहिलं. गेल्या महिन्यात एका डॉक्टरांची विकायला आलेली चॉकलेटी गाडी मी तुझ्याकडे दिली. चार दारांची, नीट वापरलेली. तुला सांगितलं, ही आर्वीला जाणार, पाटलाकडेच. तू नुसतं "ठेव" म्हणालास. मला वाटलं, आता बोलशील. तू बोलायच्या ऐवजी छातीत कळ येऊन गेलास. कबुली न देता, मधेच, गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकान बंद करावं तसा.

तुझं कापड आणायला मीच गेलो. दुकानदारानं थान उलगडलं. मी सवयीनं कापड चिमटीत धरून उजेडात पाहिलं आणि विचारलं, "धुतल्यावर आटणार तर नाही?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग मला कळलं मी काय विचारलं. त्यानं कापड फाडून दिलं. तुला सांगतो, तेव्हाही माझ्या मनात तुझाच आवाज होता: "घे ना बे, कोण धुवून राह्यलं आता!"

तेरवी आटोपली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी शेडची किल्ली दिली. म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरांची गाडी तशीच उभी हाये. डाव्या दोन दारांचं काम त्यायनं केलं होतं. बाकीचं तुमीच पाहा."

मी आत गेलो. पहिल्यांदा दिसल्या त्या चिंध्या. तारेवर. एकेक पसरलेली, मध्ये हवा जाईल इतकं अंतर ठेवून. मी तिथंच थबकलो. कोपऱ्यात गोळा नव्हता. मी तेलाची बाटली शोधली. फळीवर नाही, खाली नाही.

"वहिनी, जवसाचं तेल कुठं हाय?"

"ते? ते तर कधीचं घरात आणून ठेवलं त्यायनं. मी फोडणीले वापरून राह्यली. म्हणले, मोटारीले नाई मानवत ते." मग पदर सावरून हळूच म्हणाल्या, "अन् म्हणले, किसनले सांगू नको. लय उड्या मारीन."

डोमा! लबाडा! मी डावं दार दोरीनं खांबाला बांधलं आणि खाचेतून बोट फिरवलं. कोरडी, गुळगुळीत, आणि किंचित गोड वास. फळीवर पत्र्याची उथळ डबी होती. तिच्यात मेण, मधाच्या पोळ्याचं, थोडं टर्पेंटाइन घालून मऊ केलेलं. वहिनी म्हणाल्या, चुलीजवळ नेऊच द्यायचे नाहीत, उन्हात ठेवून पातळ करायचे. म्हणजे आगीचंही माझं ऐकलं होतंस. आणि त्या मेणात, अगदी मधोमध, एका अंगठ्याचा ठसा होता. नखाची रेघ मध्ये दुभंगलेली.

मी ओरडलो. "जिंकलो!" असं ओरडलो, शेड दणाणेल असं. टिनावरचे कावळे उडाले. मग मी तुझ्या उत्तराची वाट पाहिली. डोमा, इतक्या वर्षांत मी ओरडल्यावर तू गप्प राहिलास, असं पहिल्यांदाच झालं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि हसल्याही. म्हणाल्या, "मारल्या ना उड्या. त्यायले मालूमच होतं."

उजवी दोन दारं मी स्वतः केली. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. कोरडा कुंचला, रिठ्याचं पिळलेलं फडकं, काडीनं भोकं, बिजागरीला थेंब. बादली दूर ठेवली. ती तुझ्या मनासाठी, नाहीतर पाण्यानं काही बिघडत नाही. मग मेण. अगदी पातळ हात, आणि स्वच्छ फडक्यानं चोळून काढलं, की दिसू नये पण राहावं. तासन्‌तास त्या खाचेत डोकं घालून बसल्यावर मला कळलं की तू तिथं इतका वेळ काय करायचास. तिथं माणसाला कुणी पाहत नाही. तिथं भाव करता येत नाही. दार मिटलं की ते काम आहे की नाही हे फक्त करणाऱ्याला माहीत.

आर्वीला मी गाडी जिनिंगवरूनच नेली. मुद्दाम. रुई उडत होती, उडू दे म्हटलं. पाटील ओट्यावर होते, आता जरा थकलेले, पण डोळा तोच.

"काऊन हो किसनराव, अजून उघड्याच डोक्यानं? अन् तो तुमचा मिस्त्री कुठं हाय?"

"गेला, पाटील. पंधरवडा झाला."

त्यांनी खांद्यावरचा शेला सावरला. मग म्हणाले, "चांगला कारागीर होता. त्या दिवशीचं जाऊ द्या."

"जाऊ कसं देऊ?" मी म्हणालो. "त्यासाठीच आलो." आणि खिशातून नवी टोपी काढली. घडी न मोडलेली, खादीची, दुधासारखी. ओट्यावरची माणसं खाली उतरली. पाटलांनी हात पुढे केला. मी म्हणालो, "तुमी नाई. मीच."

आधी तुझी दारं. मग माझी. वरून खाली, बिजागरीच्या मागे, खटक्याभोवती, रबराच्या कडेनं, आणि तळाच्या त्या कोपऱ्यात जिथं सगळ्यांची घाण लपते. प्रत्येक दारापाशी टोपीची एकेक बाजू घेऊन घासली. शेवटचं दार मी दोनदा घासलं, कारण ते माझं होतं. टोपी वर धरली. उन्हात धरली.

पांढरी, डोमा. पांढरी! फक्त एका घडीवर मेणाची बारीक पिवळी रेघ.

पाटलांनी ती घेऊन नाकाशी नेली. "मधाचा वास येऊन राह्यला बाप्पा! कोणाचं काम हाय हे?"

इथं मी काय म्हणायला हवं होतं? तू माझी टोपी आर्वीत काळी केलीस, माझं नाव बुडवलंस, मेलास पण कबूल केलं नाहीस. मी मोठ्यानं म्हणालो, मागच्या माणसाला ऐकू जाईल असं, "डोमा मिस्त्रीचं अन् माझं. दोन दारं त्याची, दोन माझी. कोणती कोणाची, ओळखा."

पाटील चारही दारं फिरले. उघडली, मिटली, वाकून पाहिलं. पुन्हा फिरले. शेवटी एका दारावर थाप मारून म्हणाले, "हे मिस्त्रीचं. असा हात दुसऱ्याचा नाई."

ते माझं होतं.

मी टोपी त्यांच्या हातातून घेतली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. मग पाटलांनी बैलबाजाराच्या रीतीनं माझा हात शेल्याखाली ओढला, बोटांवर भाव सांगितला, मी बोट दाबून नाही म्हटलं, त्यांनी आणखी एक बोट धरलं. कितीला गेली ते तुला सांगत नाही. तू वाटा मागशील. वाटा वहिनींना पोचला आहे.

परत येताना शेडवरून आलो. वहिनी तुळशीपाशी होत्या. माझ्याकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसली का बाप्पा एकदाची!"

मला तुझ्यावरचा राग अजून आहे. तो मी सोडणार नाही, माझा आहे तो, कष्टानं जपलेला. तू तोंडानं बोलला नाहीस ते नाहीसच. पण डॉक्टरांच्या गाडीसाठी मेण घेताना मी डबीच्या कडेकडेनं घेतलं, डोमा. मधोमध बोट घातलं नाही. दुभंगलेल्या नखाचा तो ठसा जसाच्या तसा आहे, आणि पुढच्या सगळ्या गाड्यांना मी मेण कडेनंच घेणार आहे. संपलं तर नवं मेण दुसऱ्या डबीत करीन.

टोपी मात्र परवापासून घालतो. पिवळी रेघ पुढच्या बाजूला ठेवून. कुणी विचारलं, हे काय लागलं, तर सांगतो: आमच्या मिस्त्रीची कबुली आहे.

हिंमत असेल तर ये, आणि काढून दाखव.